न पाहिलेली पावती

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा जुन्या दप्तरातले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, इंदूरला निघाले. रवानगीचं काम माझ्या वडिलांकडे होतं. काही काळाने इंदूरहून पत्र आलं की एक रुमाल पोचलाच नाही, आणि तेवढ्या पत्रावर वडिलांना बडतर्फ केलं. त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पाटणकर बाजारातून ते मान खाली घालून जाऊ लागले. मला ते बघवत नसे.

नव्या राज्यघटनेत हायकोर्टात रिट करता येतं, असं मामा म्हणाले. मामा दरबारच्या काळचे वकील, त्यामुळे अर्ज म्हणजे विनवणी एवढंच त्यांच्या हातात बसलेलं. दक्षिणेतून आलेल्या खापरपणजोबांपासून सगळ्यांची चाकरी त्यांनी लिहिली, मुलगी लग्नाची आहे हेही लिहिलं आणि शेवटी कृपादृष्टी मागितली. मी तेव्हा कॉलेजात होते. माझं लग्न हायकोर्टापुढे नेल्याबद्दल मी दोन दिवस मामांशी बोलले नाही. इंदूरच्या कारकुनाने सगळे रुमाल मिळाल्याची दिलेली पावती मात्र वडिलांच्या खिशातच राहिली. सरकारला खोटं पाडणारा कागद अर्जाला जोडायचा नसतो, ही आमच्याकडची जुनी रीत.

न्यायमूर्तींनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग सरकारी वकिलांना एकच विचारलं, काढण्याआधी यांचं म्हणणं ऐकलं होतं का? ऐकलं नव्हतं. वडिलांना राहवलं नाही. ते उठले आणि दोन्ही हातांनी पावती पुढे धरली. न्यायमूर्तींचा हात अर्ध्यापर्यंत आला, हे मी पाहिलं. मग तो त्यांनी मागे घेतला.

"यह यहाँ मत दिखाइए," ते हळू आवाजात म्हणाले. "जिन्हें आपसे पूछना था, उन्हें दिखाइए."

बडतर्फीचा हुकूम त्यांनी रद्द केला. पण रुमाल कुणी हरवला हे ठरवणं या कोर्टाचं काम नाही, सरकारने हवी तर रीतसर चौकशी करावी, असंही सांगितलं. मामा पेढे आणायला धावले. वडील घरी येऊन न जेवताच आडवे झाले. हा माणूस चोर नाही, एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. मला न्यायमूर्तींचा भयंकर राग आला.

"दरबार असता तर कागद बघितला असता," आई म्हणाली.

मनात आलं असतं तर, असं मी पटकन बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. राग मात्र गेला नाही. तो हात पुढे आला असता, तर वडील एका भल्या माणसाच्या मेहरबानीवर सुटले असते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुढचा महिनाभर वडील ताटातलं नुसतं चिवडत बसायचे. चौकशी होईपर्यंत त्यांना कामावर घेतलं नव्हतं. मग चौकशी बसली. त्या संध्याकाळी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली. निकाल लागला का, आईने विचारलं. अजून नाही, म्हणाले. नोकरी परत मिळाली ती पुढे दोन महिन्यांनी.

"मला बसायला खुर्ची दिली," ते म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, असं विचारलं. पावती त्यांनी दोनदा वाचली."

ते पाटावर येऊन बसले. मग आईला म्हणाले, "वाढ आता. भूक लागली आहे."