कोपरगावच्या फ्रीजमधली इंजेक्शनं

देवळाली प्रवराहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर बर्फाचा डबा होता. धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा दमा आता कुठल्याच पंपाला दाद देत नव्हता. नगरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला अँटिबॉडीचं इंजेक्शन सांगितलं होतं. दुकानातली किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. मग कुणीतरी मोबाईलवर कळवलं, कोपरगावात एका घरी तेच निम्म्या भावात मिळतं. एवढं स्वस्त म्हणजे बनावट नाहीतर चोरीचं, असं मी धरूनच निघालो होतो.

कोल्हारजवळ गाडी उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडली. रस्त्याकडेला कोयत्यांची (ऊसतोड जोडप्यांची) पालं होती. राहात्याला तिखटमीठ लावलेला पेरू खाल्ला. शेजारच्या गृहस्थांनी डब्यात काय आहे विचारलं, तर मी मासे म्हणून सांगितलं.

गोदावरीचा पूल ओलांडून पत्ता शोधला. दार पन्नाशीच्या काकूंनी उघडलं. त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते, दोन महिन्यांपूर्वी वारले. ही दम्याची इंजेक्शनं त्यांचीच उरलेली. मी बिलं मागितली. त्यांनी सगळे कागद खाटेवर पसरले. नाव, तारखा, दुकानाचा शिक्का, सगळं ठीक होतं. तरी मी दोनदा तपासलं.

मग त्यांनी फ्रीज उघडला आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यातून दोन खोकी काढली.

"लई जपून ठेवलीत. लाईट गेली तरी बर्फ इतळू दिला न्हाई."

बॅच नंबर बिलाशी जुळला, पण खोक्यावर छापलं होतं, गोठवू नये. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. एकदा गोठलं की औषध वाया गेलं, टाकून द्या, ते म्हणाले.

काकू खाटेवर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन दिलीत मी. काष्टीच्या मानसाला, त्याच्या बायकोसाठी."

आता ही बाई गप्प बसणार, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्यासमोरच नंबर लावला, स्पीकर चालू केला, सगळं सांगितलं आणि पैसे परत देते म्हणाल्या.

"जास्त भाव देनारं गिऱ्हाईक मिळालं व्हय?" पलीकडचा माणूस म्हणाला. "मी न्हाई देत परत."

मी फोन घेऊन समजावू लागलो.

"म्हंजे तुमीच ते गिऱ्हाईक," म्हणून त्याने फोन ठेवला.

खोक्याचा फोटो पाठवला. त्याने पाहिला, उत्तर दिलं नाही. काकू म्हणाल्या, "उद्या मीच जाते काष्टीला."

संध्याकाळी घरी आलो. सुनंदा उशांना टेकून बसली होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "काष्टीच्या त्या बायकोला ठाऊक आहे ना, इंजेक्शनच्या भरवशावर ती गोळ्या बंद करून बसली नसेल?" मी ते काकूंना कळवलं.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. एक इंजेक्शन परत मिळालं होतं; दुसरं आधीच टोचून झालेलं. त्या बायकोच्या गोळ्या मात्र चालू होत्या.

सुनंदासाठी डॉक्टरांनी औषध कंपनीकडे सवलतीचा अर्ज केला आहे, उत्तर अजून नाही. बनावट औषध ओळखायची तयारी करून मी गेलो होतो. औषध खरं, बाई खरी, आणि तरीही हाती काही नाही, याची तयारी माझ्याकडे नव्हती.