लोडवर बघ, मिस्त्री

त्या ट्रकमधला बिघाड माझ्याच हातचा होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. गॅरेजात नाही, घरीही नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की लाद्यांनी भरलेला ट्रक रस्त्यात दिसला की मी बोलता बोलता गप्प होतो. पण मी तसाही फार बोलणारा माणूस नाही, म्हणून तिनं कधी खोदून विचारलं नाही.

मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. भांडुपला हमरस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. शिकलो तेव्हा डायनामो, सेल्फ, हेडलाइट, हॉर्न एवढ्यात सगळं संपायचं. आता डिझेलचा ट्रकसुद्धा सेन्सरवर चालतो. डिझेलचा दाब किती, पॅडल किती दाबलं, हवा किती आत गेली, हे सेन्सर मोजतात आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतात. त्यातला एखादा काहीबाही सांगायला लागला की कॉम्प्युटर इंजिनचा दम काढून घेतो. मग आम्ही स्कॅनर लावतो, त्यावर कोड येतो, कोड ज्या सेन्सरचं नाव घेईल तो बदलतो. कायमचा बिघाड असेल तर हे सोपं आहे. पण जो बिघाड येतो आणि जातो, तो माणसाला रडवतो. रस्त्यात गाडी तीनदा बंद पडलेली असते आणि गॅरेजात आली की अगदी शहाण्यासारखी उभी राहते.

हा ट्रक मुलुंडच्या एका लाद्यांच्या व्यापाऱ्याचा. त्यावरचा ड्रायव्हर मालवणकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला मिस्त्री. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि यांनी स्टिअरिंग धरलं. शेठकडे वर्षानुवर्षं होते. भिवंडीच्या गोदामातून माल भरायचा आणि उपनगरांतल्या दुकानांना पोचवायचा. एक लादी फुटली तरी स्वतःहून सांगणारा माणूस.

त्या गाडीचं बॅटरी चार्जिंगचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यासाठी केबिन पुढे उचलावी लागते. काम करताना वायरिंग धरून ठेवणारी एक क्लिप माझ्या हातून तुटली. नवी मागवायची तर गाडी एक दिवस अडकली असती. मी प्लॅस्टिकच्या निळ्या पट्टीनं वायरिंगचा जुडगा जवळच्या लोखंडी पट्टीला आवळून बांधला. केबिन वर असतानाच बांधला. आमच्या उस्तादांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, केबिन उचललेली असताना वायर जिथे असते तिथे ती केबिन खाली आल्यावर नसते. खाली घ्या, मग टॉर्च घेऊन खालून बघा, कुठे घासत नाही ना. मला हे पाठ होतं. जेवायची वेळ झाली होती, दुसरी गाडी दारात हॉर्न मारत होती. मी खालून बघितलं नाही.

दीडेक महिन्यानं काका गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, गाडी मस्करी करता रे माझी. घाटकोपरच्या पुलावर मधेच दम सोडता. बंद करून परत चालू केली की काय झालाच नाय असा दाखवता."

स्कॅनरवर डिझेलच्या दाबाच्या सेन्सरचा कोड होता. मी तो बदलला. चार दिवसांनी काका परत. या वेळी कोडनं पॅडलच्या सेन्सरचं नाव घेतलं. तोही बदलला. आठवडाभरात गाडी पुन्हा पुलावर उभी. मागे गाड्यांची रांग, हवालदाराच्या शिव्या.

"लोडवर बघ, मिस्त्री," काका म्हणाले. "रिकामी असताना ही गाडी काय्येक बोलायची नाय. माल भरलेलो असलो, डावीकडे वळण आणि खाली खड्डो, की झाला. तू चल माझ्यावांगडा एक फेरी. भिवंडी ते घाटकोपर. चाय माझी."

"काका, मला टाइम कुठे आहे? मशीन सांगतंय ना सगळं."

"तुझा मशीन शिकलेला आसा रे. पण ता कधी लोड घेवन पुलावर चढला काय?"

गॅरेजातले सगळे हसले. मी हसलो नाही. स्कॅनर नवा होता, त्याचा क्लास करून मी सर्टिफिकेट भिंतीवर लावलं होतं. ड्रायव्हरनं मला बिघाड शोधायला शिकवावं हे मला लागलं. खरं तर येणारा-जाणारा बिघाड पकडायचा दुसरा मार्गच नसतो. ज्या हालतीत तो येतो, त्याच हालतीत गाडीत बसायला लागतं. काका मला तेच सांगत होते. वळण, खड्डा, वजन, सगळं त्यांनी माझ्या हातात दिलं होतं.

शेवटी शेठनं मला मुलुंडला बोलावलं. गाडी अंगणात रिकामी उभी होती. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, हात पोचेल तिथल्या वायरी हलवल्या, कनेक्टर हलवले. केबिन उचलली नाही. स्कॅनर कोरा.

शेठ म्हणाले, "काय आहे ते एकदाच सांगा. दुकानदार माझं डोकं खातात."

मला म्हणता आलं असतं, सापडत नाहीये, एक फेरी मारतो. मी म्हणालो, "गाडीत काही नाही, शेठ."

"मग याच्याच हातात कशी बंद पडते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. एरवी दिवसभर गप्प असणारा मी, नेमका तिथे बोललो. "वय झालं की पाय पॅडलवर नीट पडत नाही. चढावर गाडी मिसिंग मारते, आचके देते मग."

काका तिथेच उभे होते, दोन हातांवर. मला वाटलं, आता चिडतील, मालवणीत चार शिव्या हासडतील. ते हळू म्हणाले, "तू म्हणतस म्हणजे तसाच असात, मिस्त्री."

आमच्या धंद्यात मिस्त्रीनं गाडी साफ आहे म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. त्या आठवड्यात शेठनं काकांकडून चावी घेतली. अंगणातले हमाल म्हणायला लागले, म्हातारा पुलाला घाबरतो. सीटवर टाकायची त्यांची घरची गोधडी होती, ती काखेत मारून ते चालत स्टेशनकडे गेले, हे मला हमालांनीच सांगितलं.

तीन आठवडे गेले नाहीत तोवर नवा ड्रायव्हर गाडी घेऊन गॅरेजात. पोरगेलासा, तोंडाचा फटकळ. "बॉस, या गाडीनं पुलावर वाट लावली ना माझी! शेठनं सांगितलंय, मिस्त्रीला बाजूला बसवून घेऊन जा, नाहीतर परत येऊ नको."

म्हणून मी बसलो. माल भरलेला, स्कॅनर मांडीवर, आकडे चालू. घाटकोपरच्या पुलावर डावीकडे वळताना चाक दोन स्लॅबमधल्या सांध्यावर आदळलं आणि तीन सेन्सरचे आकडे एकाच क्षणी कोसळले. इंजिन बसलं. तीन सेन्सर एकदम मरत नाहीत. त्यांना पाच व्होल्टचा पुरवठा एकाच वायरमधून होतो. ती वायर कुठेतरी लोखंडाला टेकत होती, आणि कोड बिचाऱ्या सेन्सरांची नावं घेत होता.

गॅरेजात आणून केबिन उचलली. निळी पट्टी. आमच्या गॅरेजात निळ्या पट्ट्या मीच आणतो. तिच्या खाली, लोखंडाच्या कडेवर, वायरचं कव्हर घासून गेलं होतं आणि नखाएवढं तांबं चकाकत होतं. काका म्हणाले होते ते सगळं खरं होतं. वजन आलं की चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, थोडी पिळते, वळणावर केबिन कलते, खड्ड्यात तांबं लोखंडाला लागतं.

मी पट्टी कापून खिशात टाकली. वायर जोडली, टेप मारला, नवी क्लिप बसवली, केबिन खाली घेऊन खालून टॉर्च मारून बघितलं. सगळं उस्तादांनी शिकवलं तसं. मग शेठला फोन केला.

"कनेक्टरमध्ये ओल होती, शेठ. साफ केलं."

"आधीपण तेच होतं का? म्हातारा उगाच गेला मग?"

मी म्हणालो, "नाही, ते वेगळं होतं."

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही.

गेल्या वर्षी सांताक्रूझला एका सोसायटीत गाडीची बॅटरी बघायला गेलो होतो. गेटवर वॉचमनच्या कपड्यांत काका. मी ओळख दाखवायच्या आत त्यांनीच हाक मारली, खुर्ची पुढे केली.

"गाडी बरी आसा मा?"

"बरी आहे, काका."

"मग माझोच पाय होतो तो. तू बरोबर ओळखलंस." ते हसले. "आता गावाक गेलंय तरी पोराची स्कूटर हातात घेवक भय वाटता. म्हटलं, कुणाक मारून बसान. चाय घेतलंस?"

मी चहा घेतला. त्यांच्याच पैशांचा. कप ठेवला, पोराची चौकशी केली आणि निघालो. तीस-पस्तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसानं माझ्या एका वाक्यावरून स्वतःच्या पायावरचा विश्वास सोडला होता, आणि त्या बदल्यात तो मला शाबासकी देत होता.

काकांना मला सांगायचं आहे की त्यांचा पाय कधीच चुकला नव्हता. वायर मी चुकीची बांधली होती आणि नंतर ते लपवलं. हेच मुलुंडला जाऊन शेठला, हमालांसमोर, सांगायचं आहे. दोन्ही अजून झालेलं नाही.