चहा सांडलाच नव्हता

लॅपटॉप बिघडला की दुकानदार आधी लॅपटॉपकडे बघत नाही, घरच्या बाईकडे बघतो. हे मी शेजारी उभं राहून पाहिलं आहे, मूग गिळून पाहिलं आहे. त्याचा संताप मला आज लिहिताना येतो आहे. तो त्या दिवशी, त्या काउंटरपाशी यायला हवा होता.

लॅपटॉप बायकोचा. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून ती लग्नपत्रिका तयार करते. लकडगंजातला एक छापखानेवाला तिला मोबाइलवर मजकूर पाठवतो. ती तो टाइप करते, वर गणपती नाहीतर बुद्ध जागेवर बसवते, खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं ओळीत लावते, आणि एखादी आत्या सुटली तर तिच्यासाठी पुन्हा सगळी जुळणी करते. घरात या कामाला ‘टाइमपास’ म्हणायची पद्धत होती. मीही म्हणायचो. लॅपटॉप तिनं त्याच टाइमपासच्या कमाईतून घेतला होता.

एप्रिलअखेरीस तो तव्यासारखा तापायचा आणि मधेच बंद पडायचा. एका दुपारी ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली असताना मी शहाणपण केलं. आम्ही नागपूरचे लोक तापलेलं सगळं कूलरसमोर नेतो. उन्हातून आलेला पाहुणा, खेळून आलेलं लेकरू, गरम दुधाचं पातेलं. मी लॅपटॉप नेला. स्टुलावर उघडा ठेवला, कूलरचा पंप चालू केला आणि पेपर वाचत बसलो. खस नुकतीच बदललेली, टाकी काठोकाठ भरलेली. वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत होते ते मला छान वाटत होते. उठलो तेव्हा कीबोर्डवर दंव पडल्यासारखं दिसलं. बनियननं पुसलं, लॅपटॉप टेबलावर होता तसा ठेवला. संध्याकाळी तो सुरूच झाला नाही.

“व्होल्टेजचा काही घोळ असेल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या बाजारातल्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं, बोर्डावर हिरवट डाग दाखवले.

“काकाजी, बोर्ड गया. आत पाणी गेलं.” मग मान वळवून तिला, “मॅडम, चाय सांडली ना?”

“मी लॅपटॉपजवळ चहा घेतच नाही.”

“सब मॅडम लोग यही बोलते!”

काउंटरवरची माणसं हसली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं प्रिंटरचं पोस्टर वाचत होतो. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

“नया ले लो,” तो म्हणाला. “हे इथंच सोडा, भंगारात टाकून देतो.”

“पण स्क्रीन तर चांगली आहे,” ती म्हणाली.

“बोर्डाशिवाय स्क्रीन म्हणजे नुसती काच, मॅडम. खिडकीले लावा.”

पुन्हा हशा. तिनं लॅपटॉप उचलला, पिशवीत घातला आणि दुकानाबाहेर पडली. मी मागून.

त्यानंतर चहाच खरा झाला. रामदासपेठेत राहणारा माझा धाकटा भाऊ रविवारी यायचा, आणि कप हातात घेतला की त्याला सुचायचंच. “वहिनी, कप जरा दूर ठेवा बरं. नाहीतर टीव्हीबी जाईल.” ती छापखानेवाल्याला फोनवर उशिराचं कारण सांगत होती, तर हाच भाऊ मधेच ओरडून ‘चाय सांडली’ म्हणाला. छापखानेवालाही पुढच्या वेळी मायेनं म्हणाला, “ताई, चहा जरा सांभाळून.” ही माया मला अजून चीड आणते. कोणी विचारलं नाही, कोणी पाहिलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं. बाई आहे, टेबल आहे, म्हणजे चहा असणारच. मी गाढवपणा केला असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. का यावं? मी दवाखान्याच्या कचेरीत काम करणारा शांत माणूस. शांत माणसावर संशय घेत नाहीत.

ती मोबाइलवर पत्रिका जुळवू लागली. बोटानं अक्षर ढकलायचं, डोळे चोळायचे, पुन्हा ढकलायचं. आणि चहा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पिऊ लागली. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतली होती, आणि गुन्हेगार हॉलमध्ये कूलरच्या वाऱ्यात बसून बशीत ओतून चहा पीत होता.

आमच्या घराण्यात पुरुष माफी मागत नाहीत, काहीतरी दुरुस्त करतात. आईशी भांडण झालं की वडील नळाचा वॉशर बदलायचे. नळ गळत नसला तरी. मीही तेच केलं. बोलायचं सोडून स्क्रू ड्रायव्हर घेतला.

इंटरनेटवर पाहिलं तर कळलं की लॅपटॉपची स्क्रीन सुटी करून, तिला एक छोटा कंट्रोलर बोर्ड जोडला की ती मॉनिटर म्हणून चालते. म्हणजे ‘नुसती काच’ हे खोटं होतं! दुकानदाराला ठाऊक नसेल तर तो दुकानात कशाला बसतो, आणि ठाऊक असेल तर धडधाकट वस्तू भंगारात टाकायला सांगताना त्याची जीभ कशी वळते? हा राग माझ्या सोयीचा होता. तो दुसऱ्यावर होता.

मी चौकट उकलली, पडदा अलगद बाहेर काढला. पट्टीनं मापून, तेवढ्या इंचांचा बोर्ड मागवला. आला, तर त्याची वायर पडद्याच्या खाचेत जाईचना. मग वाचलं की माप बघायचंच नसतं. पडद्याच्या पाठीवर लेबल असतं, त्यावरचा नंबर बघून बोर्ड घ्यायचा असतो. दोन पडदे सारख्या मापाचे असले तरी त्यांचे जोड वेगळे! कोणाच्या भल्यासाठी, ते त्या कंपन्यांनाच माहीत. नंबर सांगून दुसरा बोर्ड मागवला. लकडगंजातून सागाच्या पट्ट्या कापून आणल्या, चौकट केली, मागे बोर्ड बसवला. माळ्यावरचा जुना सीपीयू खाली काढला. त्याचा मॉनिटर कधीच जळाला होता. लॅपटॉपची हार्ड डिस्क वाचली होती, तीही त्यात जोडली.

ती येता-जाता बघायची. एकदा म्हणाली, “काय करून राहिले?”

“बघ आता.”

“बघून राहिली,” ती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली. तेव्हा मला त्यात काही ऐकू आलं नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, रविवार होता. भाऊ सोफ्यावर होता. मी बटण दाबलं. पडदा काळा, मग निळा, मग लख्ख उजळला. फाइल उघडली तर तिची अर्धवट राहिलेली पत्रिका तशीच्या तशी समोर आली. नवऱ्या मुलाचं नाव होतं, नवरीचं ती लिहिणार होती. ते लग्न दुसऱ्याच कोणीतरी जुळवलेल्या पत्रिकेवर लागून गेलं होतं.

भाऊ उठून आला. “वा दादा! वहिनीनं बुडवलं अन् तुमी तारलं.”

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो मी टेबलावर ठेवला.

“चहा सांडलाच नव्हता,” मी म्हणालो. “मी लॅपटॉप कूलरसमोर ठेवला होता. मीच.”

भाऊ हसायच्या तयारीत होता, तसाच राहिला. “काहून?”

“थंड करायला.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कप होता. मला वाटलं होतं, ती आता मॉनिटरकडे बघेल. मी त्यासाठीच चौकटीला दोनदा पॉलिश मारलं होतं. तिनं मॉनिटरकडे पाहिलंही नाही.

“दुकानात काहून नाही बोलले?”

“लाज वाटली.”

“अन् मले नाही वाटली?” ती म्हणाली. “लोकं हसून राहिले होते तोंडावर. तुमी पोस्टर वाचून राहिले होते.”

भावानं चप्पल शोधायला सुरुवात केली. “थांबा भाऊजी,” ती त्याला म्हणाली, “चहा पिऊन जा. आता टीव्ही नाही जायचा.” मग माझ्याकडे वळली. “मॉनिटर चांगला झाला. पण मी मॉनिटर मागितला नव्हता. उद्या बर्डीवर चाला. जिथं नाही बोलले तिथं बोला.”

मला वाटलं होतं, घरी बोललो तेवढं पुरे. लाज इतकी कंजूष असते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुरुस्तीवाल्यानं वर पाहिलं. “बोला काकाजी.”

“मागे आम्ही लॅपटॉप आणला होता. तुम्ही म्हणालात, हिनं चहा सांडला.”

“कोणता लॅपटॉप?”

त्याला आठवतच नव्हतं! आमच्या घरात ज्या वाक्यानं महिनाभर ठाण मांडलं, ते त्याच्या लेखी वाक्यसुद्धा नव्हतं. माझा आवाज कधी चढत नाही, तो चढला. “हिनं काही सांडलं नव्हतं. मी तो कूलरसमोर ठेवला होता. आणि ती स्क्रीन काच नाही, मॉनिटर झाली आहे, घरी चालू आहे.”

“ठीक है ना काकाजी. झालं ना आता.”

“नाही झालं. तिला सांगा.”

काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, तिच्याकडे पाहिलं, कसनुसा हसला. “सॉरी, मॅडम.” ते मनापासून होतं असं मी म्हणणार नाही. पण मोठ्यानं होतं.

तिनं मान हलवली. मग काउंटरशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईंकडे तिचं लक्ष गेलं. त्यांच्यापुढे मागचं झाकण काढलेला लॅपटॉप होता, बोर्डावर हिरवट डाग होते, आणि त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. आपण काहीच केलं नाही हे कोणाला पटवायचं, असा चेहरा.

“का हो ताई,” बायकोनं विचारलं, “तुमच्या घरी कूलर कुठं असते?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो प्रिंटरचं पोस्टर वाचत होता.