पुस्तकातला दुसरा रकाना

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींना तर नाहीच. आज लिहायला बसले आहे तरी हात अडखळतोय — कारण वाचणाऱ्याला वाटेल, ही तर एका जीपच्या ऑईलची गोष्ट. तेवढीच असती तर मी ती कधीच हसत हसत सांगून टाकली असती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा उत्तममामा — आईचा धाकटा भाऊ — पुसेगाव ते हिंगोली जीप चालवायचा. दिवसाला दोन फेऱ्या. मी हिंगोलीला अकरावीत जात होते, घराण्यातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस. मामाने पुढची, खिडकीकडची जागा माझ्यासाठी राखलेली असायची. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टपावर मेथीची गाठोडी, मागे पायरीवर दोघं लटकलेले — आणि मामा मात्र शेजारच्याला म्हणायचा, "सरका की पाटील, आमच्या भाचीची पुस्तकं चेंबून राहिली." लोक सरकायचे. मला लाज वाटायची, आणि खरं सांगू? छानही वाटायचं.

महिन्यातून एकदा ऑईल बदलायचा दिवस यायचा. गावाच्या टोकाला लिंबाखाली सोमला मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. सोमलादादा जवळच्या तांड्यावरचे. शाळेत कधी गेले नाहीत. मामा आणि ते लहानपणी एकत्र ढोरं राखायचे, तेव्हापासूनची दोस्ती. ते इंजिनातली सळई बाहेर ओढायचे, तिच्या टोकाचा थेंब दोन बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, "अजून चार दिस चालतंय," नाहीतर, "काढा आता, कचकच लागून राहिली." गाडी गरम असतानाच ऑईल काढायचे, म्हणजे तळाचा गाळ उतरतो. फिल्टर दर खेपेला नवा. आणि बातमी कशी कोण जाणे गावभर व्हायची — जळकं ऑईल न्यायला लोक डबे घेऊन हजर. कुणाला बैलगाडीच्या आसाला हवं, कुणाला चौकटीला वाळवी लागू नये म्हणून. एखादी म्हातारी डबा पुढे करून म्हणायची, "मागच्या खेपी मला तळचं देलं होतं, या खेपी वरचं दे." सोमलादादा म्हणायचे, "मावशे, हे काय दूध हाय का साय यायला?" आजही रस्त्यावरून जुनाट ट्रक गेला की मैत्रिणी नाक दाबतात. मी क्षणभर थांबते. तो वास मला आवडतो — आवडतो आणि नकोसा होतो.

मग ते पुस्तक सापडलं.

जीप जुनी घेतलेली. सीटचं कव्हर शिवायला काढलं तेव्हा खाली पहिल्या मालकाचं, कंपनीचं पुस्तक निघालं. इंग्रजी. मामा ते घेऊन थेट आमच्या घरी आला, सोबत सोमलादादाही. अंगणात आई, शेजारपाजारचे चारदोन लोक. मामाने पुस्तक माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "आता आपल्या घरात वाचणारं माणूस हाय. वाच, ऑईलचं काय लिवलंय."

ऑईलचं पान मला सापडलं. त्यावर एक तक्ता होता. दोन रकाने. पहिल्याचा मथळा सोपा होता, आकडे स्वच्छ — ऑईल पाच हजार किलोमीटरला, फिल्टर दहा हजारला. दुसऱ्या रकान्यात आकडे निम्मे होते आणि फिल्टर दर खेपेला. पण त्याच्या मथळ्यात आणि खालच्या बारीक अक्षरांत लांबलांब शब्द होते. मला त्यातला एकही नीट कळला नाही.

'हे मला कळत नाही' — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आईचा चेहरा तर — ती कधी माझ्याकडे अशी बघत नसे. मी म्हणाले, "पाच हजारला ऑईल. फिल्टर दहाला." जीपचा किलोमीटरचा काटा कधीचा बंद पडलेला, मी फेऱ्यांवरून गणित केलं आणि सांगितलं, दोन महिन्यांनी ऑईल, चार महिन्यांनी फिल्टर.

सोमलादादा हळूच म्हणाले, "ताई, आपला रस्ता निस्ता फुफाट्याचा. पुस्तक लिवणाऱ्यानं पाह्यलाय का हा रस्ता?"

"कंपनीपेक्षा तुला जास्ती कळतंय का बे?" मामा हसला. "कधी शाळेची पायरी चढला का तू?" सोमलादादाही हसले. मी हसले नाही. एवढं तरी मला आठवतं — पण त्याचा उपयोग काय?

वर्षभर तसं चाललं. डबेवाले विचारायचे, "काहून, ऑईल काढलं न्हाई अजून?" मामा ऐटीत सांगायचा, "पुस्तकाबराबर चालू हाय." पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, वऱ्हाड भरून जाताना चढावर इंजिन जाम झालं. ट्रॅक्टरने ओढून जीप लिंबाखाली आणली. सोमलादादांनी इंजिन खोललं तर आत काळा चिखल, फिल्टर तर मातीच्या ढेकळासारखा.

मामाने तो फिल्टर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "मी एक दिस इकडंतिकडं केलं न्हाई. पुस्तकाबराबर चाललो. मंग खोट कशात हाय? तूच भेसळीचं ऑईल टाकून राहिला." सोमलादादांनी हातातला पाना खाली ठेवला. मी तिथेच उभी होते, खांद्याला कॉलेजची पिशवी.

घरी आले आणि शब्दकोश काढला. तोवर माझ्याकडे शब्दकोश आला होता. एकेक शब्द काढत दुसऱ्या रकान्याचा मथळा आणि खालची अक्षरं लावली — खडतर वापर. धुळीचा रस्ता. जास्त ओझं. सारखं थांबत चालणं. अशा गाडीला अडीच हजारला ऑईल, फिल्टरसकट. आमच्या फेऱ्यांच्या गणिताने तो बरोबर एक महिना होत होता. सोमलादादांची बोटं आणि कंपनीचं पुस्तक एकच सांगत होती. चूक फक्त माझी होती.

इथपर्यंतचं मी कदाचित कुणाला सांगूही शकले असते. पुढचं —

आठेक दिवसांनी सोमलादादा घरी आले. दुपार होती, घरात मी एकटीच. भांडायला आले नव्हते. दारातच उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, येकडाव परत वाचून पाह्य ना. धुळीचं कायच लिवलं न्हाई का त्याच्यात?"

पुस्तक माझ्या मागच्या फळीवर होतं. ते पान मला तोंडपाठ झालं होतं.

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्याने ती चोळली. म्हणाले, "मंग माह्यातच खोट आसंल. इतके दिस उगंच वाटून राहिलं मला, की कळतंय." आणि उठून गेले.

मी काय केलं असेल? मामाला सांगितलं, आमचे सर म्हणतात, धुळीच्या रस्त्याला महिन्यालाच ऑईल बदलावं, फिल्टरसकट. सरांना मी विचारलंही नव्हतं. मामाने लगेच ऐकलं. इंजिन नवं बांधलं, ते पुढे छान चाललं. मामा अजून सांगतो, भाचीमुळे गाडी टिकली. म्हणजे मी जीप वाचवली. माणूस तसाच राहू दिला. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या हिंगोलीला नेऊ लागले. भेसळवाला म्हटल्यावर कोण येणार? दिवाळीच्या आत शेड बंद झाली. पुस्तक मी माझ्या पेटीत टाकलं — आठवण म्हणून नाही, दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून.

आता मी एम. ए.ला आहे. गेल्या वर्षी वसमतच्या स्टँडवर बस बदलताना समोर पंक्चरच्या दुकानात सोमलादादा दिसले. त्यांनीच ओळखलं. ट्यूब बाजूला ठेवून चहा सांगितला. कितवीला आहेस, विचारलं, सोळावी म्हटल्यावर शेजारच्या पानवाल्याला ओरडून सांगितलं, "आमच्या गावची लेक हाय, सोळावी शिकून राहिली." मी विचारलं, दादा, इंजिनाचं काम नाही करत? "न्हाई बाई. निस्त्या बोटायच्या भरवशावर लोकायच्या गाड्या कशाला बिघडवा?" अगदी सहज म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं.

बस सुटायला दहा मिनिटं होती. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. मी चहा संपवला, त्यांच्या पाया पडले, आणि बसमध्ये जाऊन बसले.