शिकलेली सून आणि मिरचीचं बियाणं

शहरातल्या रामदासपेठेतून लग्न होऊन भिवापूरला, मिरचीच्या मुलखात गेले तेव्हा माझ्याकडे जीवशास्त्राची पदवी होती, आणि ती मी मंगळसूत्रापेक्षा जास्त मिरवत असे. तिथल्या शाळेत नोकरीही लागली. दहावीला उत्क्रांती शिकवायची. "मॅडम, मंग आताचे माकडं माणूस काहून नाही होऊन राहिले?" असं एखादं कार्टं विचारायचं, आणि मी ऐटीत निसर्गाची निवड समजावून सांगायची.

घरी मिरचीची शेती. सासूबाई सगळ्यात लाल, भरलेल्या मिरच्या बियाण्यासाठी काढून ठेवत. त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या सासूपासून चालत आलेलं बियाणं ते. बाजारात आमचं पोतं आधी उचललं जाई. मग त्यांचे गुडघे गेले आणि हे काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, काय अडाणीपणा हा, उत्तम माल मडक्यात कोंबायचा? बी ते बी. मी चांगल्या मिरच्या बाजारात धाडल्या आणि वाकड्या-लुकड्या बियाण्याला ठेवल्या. "असं नको करू वं," सासूबाई म्हणाल्या. मी हसले. मला सगळं येत होतं ना.

चार-पाच हंगामांत मिरची करंगळीएवढी झाली, रंगही विटला. व्यापारी आमच्या पोत्यात हात घालायचा आणि शेजारच्या पोत्याकडे वळायचा. सासूबाईंनी एक मिरची उचलून पाहिली. "हे आपलं बियाणं नाही राहिलं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

जुनं बियाणं आता एकाच घरी उरलं होतं, समोर वेगळ्या राहणाऱ्या थोरल्या जावेकडे. ती चौथी शिकलेली, आणि त्या चौथीवर मी भरपूर विनोद केलेले. तरी गेले. तिने ताक पाजलं, तासभर इकडचं-तिकडचं बोलत बसवून ठेवलं. मग म्हणाली, "काहून वं, शाळेत नाही भेटत का बियाणं?" आणि मूठभर बी फडक्यात बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका निवडीचा धडा. म्हटलं, उदाहरण ताजं आहे, वाया कशाला घालवा. "एका गावात एक अडाणी बाई होती," अशी सुरुवात करून सगळी गोष्ट सांगितली. वर्ग पोट धरून हसला. तिसऱ्या बाकावर जावेची मुलगी बसते, हे मात्र त्या हुशार मास्तरणीच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी समोरच्या अंगणातून हाक आली, "अडाणी बाई, औंदा चांगल्या मिरच्या बियाण्याले ठेवजो."

ठेवल्या. आता मी परत शहरात, सक्करदऱ्याला राहते. जावेचा फोन येतो तो अजून याच नावाने, आणि मी ओ देते.