कर्ण्यातलं कोकरू

दुकानात शिरल्यावरही आर्डिस स्कोगेनने हातमोजे काढले नाहीत. घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे, स्वतः विणलेले, फक्त अंगठा सुटा असलेले ते जाडजूड मोजे घालूनच तिने काचेच्या टेबलावरचे एमपीथ्री प्लेअर एकेक उचलून बघायला सुरुवात केली. बटण दाबायची, नाक मुरडायची, बाजूला ठेवायची. पाच मिनिटांनी पलीकडच्या तरुण विक्रेत्याला राहवेना.

"मॅडम, मोजे काढलेत तर सोपं जाईल."

"इथे सोपं जाऊन काय उपयोग? मला हे वापरायचंय पहाटेच्या गारठ्यात, बर्फावर पालथं पडून."

"पालथं पडून गाणी ऐकणार?"

"मी कशाला ऐकतेय? कायोटीला ऐकवायचंय."

पोरगा होता रॅपिड सिटीचा, पण आजोळ मेंढ्यांच्या मुलखातलं असावं, कारण कोकरं उचलणाऱ्या त्या लांडग्याच्या धाकट्या भावाचं नाव ऐकून तो हसला नाही. त्याने सगळ्यात चपटा, सगळ्यात चकचकीत प्लेअर पुढे सरकवला. हजार गाणी मावतात, म्हणाला.

"एक पुरे," आर्डिस म्हणाली. "आणि हा मला माहितीये. बोटाच्या उघड्या कातडीशिवाय हलत नाही, हात लावला की दिव्यासारखा पेटतो, आणि थंडीत बॅटरी मान टाकते. याने माझी एकदा शोभा केलीये. दुसरा दाखव."

ती शोभा आठवड्यापूर्वीची. तो प्लेअर दिराच्या सुनेचा होता, उसना आणलेला. कायोटीला भुलवून पल्ल्यात आणायला आर्डिसने त्यात घायाळ सशाचं किंचाळणं भरून घेतलं आणि पहाटे कुरणात वाजवलं. ससा व्यवस्थित किंचाळला. पण थांबवायला मोजा काढेपर्यंत बोटं गोठली, आणि सशामागोमाग सुनेची नाचाची गाणी सुरू झाली. उगवत्या सूर्याच्या साक्षीने अर्धा मैल कुरण ढोलताशांनी दणाणलं. दीर डेल्मर पिकअपमध्ये बसून बघत होता. नऊ वाजेपर्यंत कोऑपच्या, म्हणजे शेतकरी संघाच्या दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांशेजारच्या कॉफीच्या टेबलावर, गावभर ती बातमी झाली.

"मग काय आर्डिस, कायोटी एकटाच नाचला की बायकोला घेऊन आला होता?" हे डेल्मरचं. टेबलावरच्या सगळ्या टोप्या हसून हलल्या होत्या.

म्हणून या खेपेला ती उसनवारीवर अवलंबून राहिली नाही. दोन तास गाडी हाकत शहरात आली होती, आणि येताना डबाही घेऊन आली होती. हिरव्या पत्र्याचा जेवणाचा डबा, आत तिने स्वतः डाग देऊन जोडलेला अॅम्प्लिफायर, झाकणावर करड्या रंगाचा कर्णा. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. कर्णा त्या बसचा. बस भंगारात निघाली तेव्हा सगळ्यांनी तिला केक दिला, तिने कर्णा मागून घेतला. मधल्या काळात बसचा रेडिओ, चर्चचा माइक, शेजाऱ्यांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता तिचा हात विजेच्या कामाला असा बसला होता, की गावातले बाप्ये आपली यंत्रं तिच्याकडे आणायचे आणि बायकोने पाठवलंय म्हणून सांगायचे.

तिने एकेका प्लेअरची वायर डब्याला जोडली. बहुतेकांचा आवाज कर्ण्यापर्यंत पोचता पोचता पार दबला. अखेरीस खालच्या फळीवरचा एक ओबडधोबड, साबणाच्या वडीएवढा प्लेअर तिने जोडला, आणि त्यातलं नमुन्याचं प्रेमगीत असं काही केकाटलं की दोन रांगांपलीकडच्या बाईंच्या हातातून टोस्टरचं खोकं पडलं.

"हा!" आर्डिस खूश झाली. बटणं मोठी, मोज्यातूनही टक्कन दाबली जाणारी. दिवा बंद करता येत होता. एकच आवाज परत परत वाजवायची, पुढच्या गाण्यावर न जाण्याची सोय होती. आणि सेल साधा, पेन्सिल सेल, उतरला तर खिशातला उबदार दुसरा घालता येईल असा.

"हा कोणी घेत नाही," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला. "जुनं मॉडेल आहे. यात आवाज रेकॉर्डही करता येतो, पण ते कोण वापरतं?"

आर्डिसनेही तिकडे तेव्हा लक्ष दिलं नाही.

एवढी यातायात एका तीनबोट्यासाठी. पुढचा एक पंजा कुणाच्या तरी सापळ्यात अर्धा गमावलेला, अंगाने थोराड, वयाने जुना कायोटी. साउथ डकोटाच्या त्या वायव्य कोपऱ्यात त्याने सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. यंदाच्या एप्रिलमध्ये आर्डिसची अकरा कोकरं त्याने उचलली. नवरा ऑर्लिन जाऊन सहा वर्षं झाली होती, जमीन तिची आणि डेल्मरची सामाईक, आणि डेल्मरला मेंढ्या मुळातच नको होत्या. त्याला गाई हव्या होत्या.

"तू कायोटीची खानावळ चालवतेस, आर्डिस," तो टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला. "मेच्या पहिल्या सोमवारी ट्रक बोलावतो. तोवर तीनबोट्या मेला, तर मेंढ्या राहतील. नाही तर चढवायच्या."

"मिळव हात," आर्डिस म्हणाली होती.

हात मिळाला, आणि त्या टेबलावर हात मिळवून लावलेली पैज फिरत नाही. रागाच्या भरात बोलून गेली खरी, पण घरी येऊन ती पायरीवर नुसती बसून राहिली. लग्नात आईने तिला सात मेंढ्या दिल्या होत्या. आज कुरणात होत्या त्या एकशे चाळीस त्या सातांच्याच लेकी, नाती, पणत्या. काळ्या कानाची, तिरक्या चालीची, अशी प्रत्येकीची आई तिला आठवत होती. ट्रकमध्ये त्या चढल्या तर आपल्या हाताचं असं मागे काहीच उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी पहाटे नवा प्लेअर कामाला लागला. मोज्यातून बटण दाबलं गेलं, दिवा लागला नाही, ससा किंचाळला, थांबला, पुन्हा किंचाळला. यंत्रात नावं ठेवायला जागा नव्हती. आणि तीनबोट्या आलाही. टेकाडावर, बंदुकीच्या पल्ल्याच्या बाहेर, कुत्र्यासारखा बसला. सशाचं सगळं गाऱ्हाणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठला, एका झुडपावर तंगडी वर केली आणि निघून गेला. गुरुवारी तेच. शिवाय गुरुवारी दुपारी बारावं कोकरू गेलं, काळ्या कानाच्या मेंढीचं.

शुक्रवारी सकाळी कोऑपमध्ये डेल्मरने विचारलं, "ससा बरा आहे का आता?"

आर्डिस उत्तर द्यायला वळली आणि त्या 'ससा' शब्दावर अडकली. टेबलावरच्या चौघांकडे तिने पाळीपाळीने पाहिलं.

"तुझ्याकडे सशाची कुठली कॅसेट आहे?" तिने डेल्मरलाच विचारलं.

"कुठली म्हणजे? याच दुकानातली. आहेच कुठे दुसरी?"

"आणि तुझ्याकडे? तुझ्याकडे?"

सगळ्यांकडे तीच. तिचाही ससा त्याच कॅसेटवरून उतरवलेला. इथपासून मोंटानाच्या हद्दीपर्यंत वीस वर्षं एकच ससा मरत होता, तेच किंचाळून, तेवढाच वेळ, आणि तो किंचाळला की मागोमाग गोळी. पिल्लं असल्यापासून इथल्या कायोटींना तो ससा ओळखीचा झाला होता.

"आपणच शिकवलंय त्याला!" आर्डिस उभी राहत म्हणाली. "शाळा घेतलीये त्याची! वीस वर्षं!"

"कॉफी तरी संपव," डेल्मर म्हणाला, पण ती दारापर्यंत पोचली होती.

गोठ्यात एक पोरकं कोकरू बाटलीवर होतं. जुळ्यातलं एक, आईने लाथाडलेलं. आर्डिसने ते पवनचक्कीशेजारी मोकळ्यावर सोडलं, दुधाची बाटली मुद्दाम त्याला दिसेल अशी कुंपणाच्या पलीकडे धरली आणि प्लेअरचं ते कोणीच न वापरलेलं, रेकॉर्ड करायचं बटण दाबलं. कोकरू ओरडू लागलं. आधी तक्रारीने, मग रागाने, मग अगदी काळीज पिळवटून. पंधरा मिनिटं तिने ऐकलं. "एवढं माफ कर रे," असं ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. मग बाटली त्याच्या तोंडात दिली आणि ते शेपूट उडवत पिऊ लागलं तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

संध्याकाळी डेल्मरने रेकॉर्डिंग ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "पवनचक्कीची कुरकुर किती येतेय. मधेच कुठला पक्षी बोलतोय. कॅसेटवर कसं स्वच्छ असतं."

"म्हणूनच तो येत नाही. डेल्मर, त्याने आजवर पवनचक्कीच्या कुरकुरीशिवाय इथलं एक तरी कोकरू ऐकलंय का?"

डेल्मरने विचार केला आणि टोपी पुढे ओढली.

शनिवारी उजाडता उजाडता आर्डिस सेजच्या झुडपांत पालथी पडली. डबा साठ पावलांवर, मधे वायर, खाली शिळा बर्फ, हाताशी ऑर्लिनची रायफल. वारा तिच्या डाव्या गालावर होता. मागे टेकाडाच्या आडोशाला डेल्मर पिकअपमध्ये दुर्बीण लावून बसला होता. सोमवार दोन दिवसांवर होता.

तिने मोज्यातला अंगठा दाबला.

कर्ण्यातून कोकरू रडू लागलं. टेकाडावर काही हललं नाही, पण कुरणातल्या एकशे चाळीस माना मात्र वर झाल्या. आणि मग आर्डिसच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. काळ्या कानाची मेंढी कळपातून बाहेर पडली. गुरुवारी जिचं कोकरू गेलं होतं, जिची कास अजून दुधाने दाटलेली होती, ती ओरडत, धडपडत, सरळ कर्ण्याकडे धावत सुटली. आर्डिसला भरून आलं, लाजही वाटली. या बाईला आपण फसवलं. बटण बंद करावं म्हणून तिचा अंगठा पुढे झाला सुद्धा.

तेवढ्यात तीनबोट्या दिसला. वाऱ्याच्या खालच्या अंगाने, वास घेत, ओढ्याच्या काठाने, लंगडत पण भरभर येत होता. सशाला तो ओळखत होता, पण रडणारं कोकरू आणि त्याच्याकडे धावणारी आई, यात त्याला खोटं काही दिसेना. आर्डिसने अंगठा मागे घेतला. मेंढी आणि कायोटी एका रेषेत होते. तिने श्वास धरला. मेंढी डब्यापाशी पोचून कर्ण्याला नाक लावायला खाली वाकली, कायोटी दोन पावलं बाजूला झाला, थांबला, आणि आर्डिसने घोडा ओढला.

एकच गोळी. तीनबोट्या जागीच पडला. मेंढी दहा पावलं पळाली आणि पुन्हा कर्ण्याकडे परत आली, कारण कोकरू अजून रडत होतं. दुपारी गोठ्यातलं खरं कोकरू हिच्यापुढे आणून बघायचं, असं आर्डिसने मनाशी ठरवलं आणि प्लेअर बंद केला. मग ती एकदम उठून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि सासष्टाव्या वर्षी, बर्फाने भिजलेल्या विजारीत, बसमधल्या पोरांनीही कधी मारली नसेल अशी आरोळी ठोकली.

डेल्मर चालत आला. कायोटीच्या अर्ध्या पंजाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"वाईट नाही," तो म्हणाला.

त्या मुलखात याच्यावर स्तुती नाही. ऑर्लिनने लग्नाच्या दिवशी आर्डिसला पाहून हेच म्हटलं होतं. पण आज तिला तेवढ्याने भागणार नव्हतं. दोघं झुडपांपाशी परत आली, ती वाकून वायरी सारख्या करू लागली, प्लेअर मोज्यातच होता, अंगठा बटणावर.

"काय म्हणालास? वारा आहे, ऐकू आलं नाही."

"वाईट नाही म्हटलं."

"आणि मेंढ्यांचं?"

"आता तेही बोलून दाखवू? हात मिळवलाय ना."

"बोल की. म्हातारीला बरं वाटेल."

डेल्मरने खाकरून घसा साफ केला. "तुझंच खरं होतं, आर्डिस. माझं चुकलं. मेंढ्या इथेच राहतील. झालं समाधान?"

"झालं," आर्डिस म्हणाली. डब्याची वायर तिने प्लेअरमध्ये खुपसली, आवाज पूर्ण वाढवला, आणि मोज्यातला अंगठा टक्कन दाबला.

"माझं चुकलं," डेल्मर कर्ण्यातून गरजला. "मेंढ्या इथेच राहतील."

खरा डेल्मर डब्याकडे धावला, पण डबा साठ पावलांवर होता, आणि तो पोचायच्या आत वायर उपटून, प्लेअर घेऊन आर्डिस पिकअपच्या दिशेने सुटली होती. कुरणात एकशे चाळीस माना पुन्हा वर झाल्या.