हेल्यांचा सौदा

श्रावण लांजेवारला विचारल्याशिवाय गावात कोणी मोठी खरेदी करत नसे. साकोलीला सायकल घ्यायला निघालेला माणूसही आधी त्याच्या ओट्यावर टेकायचा. श्रावण किंमत विचारतच नसे. वस्तू किती वर्षं टिकेल, मोडली तर नीट कोण करील, रोजचा खर्च काय, एवढंच विचारायचा. घेणं एका दिवसाचं, पोसणं जन्माचं, असं त्याचं म्हणणं. माणसं मान डोलवीत. त्याची बायको कलाबाईही डोलवायची. तिला त्याचा अभिमान होता.

चौऱ्याहत्तर साली त्याची स्वतःची बैलजोडी थकली. नवे बैल घ्यावेत की हेले, म्हणजे रेडे, यावर त्याने उन्हाळाभर डोकं चालवलं. बैल महाग, त्यांना सरकीची ढेप हवी, सडकेवर चालवायचे तर नाल हवी. हेले निम्म्यात मिळणार, धानाच्या वाळल्या तणशीवर भागवणार, धानाच्या चिखलात बैलांहून खमके. खोट एकच. हेल्याला ऊन सोसत नाही. दुपारी बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यात नेऊन बसवावा लागतो, नाहीतर दावं तोडून कुणाच्याही धानाच्या बांधीत लोळतो.

कलाबाईने नेमकं तेच विचारलं. "दुपारी पाण्यावर कोन नेईन?"

"बेबी हाये ना. तिले का मजुरी द्या लागते?"

बेबी त्यांची एकुलती पोर. सातवी झालेली, आठवीला साकोलीला जायचं म्हणून जुन्या लुगड्याची पिशवी शिवून बसलेली. शाळा नको असं श्रावण म्हणाला नाही. एक वर्ष थांबू दे, एवढंच म्हणाला.

हेले पाण्यात बसत, बेबी बोडीच्या पाळीवर. पहिले काही महिने ती पुस्तक नेई. साकोलीहून परतणाऱ्या मैत्रिणी तिला हेलेवाली म्हणून चिडवू लागल्या, तेव्हा ती त्यांच्या येण्याआधीच जनावरं घरी हाकू लागली. गावाने मात्र सौदा वाखाणला. आणखी दोघांनी हेले घेतले.

तिसऱ्या पावसाळ्यात घटसर्पाने एक हेला मेला. कलाबाईला वाट दिसली. तिने साकोलीच्या हेडमास्तरांना गाठून विचारलं; ते म्हणाले, वय थोडं जास्त आहे, पण घेऊ. मग जेवताना तिने नवऱ्याला त्याच्याच रीतीने समजावलं. उरलेला हेला विका, बैल घ्या. बैल चार पैसे जास्त खातील, पण पोरगी शिकली, मास्तरीण झाली, तर जन्मभर कुणाच्या तोंडाकडे पाहणार नाही. हे कोणत्या खर्चात धरलं होतं तुम्ही?

श्रावणचा घास हातातच राहिला.

चुलीपाशी बसलेली बेबी मान वर न करता म्हणाली, "हेलाच घ्या, बाबा. त्या लहान पोरींत जाऊन मी नाही बसत. मले आता कायले पाहिजे शाळा?"

श्रावणने घास तोंडात घातला. हिशोब जुळलेल्या माणसासारखा तो बायकोकडे पाहत राहिला.

कलाबाईला नवऱ्याचा राग आला नाही. राग आला तो पोरीचा, आणि तो राग तिच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही.